धागा: अण्णांचं स्वरयंत्र अर्धं काढलं, आवाजाची भीती होती पण अडलंय ते गिळण्यात (सांगली)

हरिपूरकर (धागाकर्ता) · १७ ऑगस्ट, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा ६१ वर्षांचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात भाव पुकारायचं काम त्यांनी ३४ वर्षं केलं. राजापुरीची पोती फोडलेली, भोवती व्यापारी, अडते, लांबून आलेले शेतकरी आणि मधे अण्णांचा आवाज. सीझनला रात्री घरी यायचे तेव्हा आवाज बसलेलाच असायचा, आई गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायला लावायची, चार दिवसात सुटायचा. त्यामुळं यंदा मार्चमध्ये बसला आणि मे संपला तरी सुटेना तेव्हा आम्हाला कुणालाच काय वाटलं नाही. हळदीची धूळ, पुकारा आणि दिवसाला बिडीचं एक बंडल, घसा बसणारच की, असं आम्हीच एकमेकांना सांगत होतो.

जवळच्या दवाखान्यात तीनदा अँटिबायोटिक झालं, खोकल्याचं औषध झालं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. चार महिन्यात घशात दुर्बीण घालून मात्र कुणी बघितलं नाही. आणि आम्हीपण म्हटलं नाही की बघा. दुखत नव्हतं, ताप नव्हता, जेवण झकास चाललेलं. त्या न दुखण्यानंच आम्हाला फसवलं.

जुलैत आतेभावानं ओढून मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. नाकातून बारीक दुर्बीण घातली, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्क्रीनवर मी स्वतः बघितलं. दोन पांढऱ्याशुभ्र स्वरपट्ट्या दिसायला पाहिजेत, तिथं एकीवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी होतं आणि ते पुढच्या टोकाला दुसऱ्या पट्टीवर गेलेलं. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराचा कॅन्सर आला. सीटी स्कॅन झाल्यावर टी-टू सांगितलं, म्हणजे गाठीच्या चार टप्प्यांपैकी दुसरा.

रेडिएशन किंवा ऑपरेशन असे दोन रस्ते होते. गाठ पुढच्या सांध्यात बसलेली आणि थोडी वर सरकलेली म्हणून तिथल्या डॉक्टरांच्या बोर्डानं ऑपरेशन सुचवलं, पण संपूर्ण स्वरयंत्र न काढता काही भाग ठेवायचा. त्यासाठी फुप्फुस चांगलं पाहिजे म्हणून डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं, जिन्यानं दोन मजले न थांबता चढून दाखवा. मी मागून चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले, धाप होती पण बोलता येत होतं. जमलं.

सहीच्या कागदावर एक ओळ होती, "गरज पडल्यास संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागेल". कडेचा तुकडा ऑपरेशन चालू असतानाच तपासायला पाठवतात आणि त्यात आजार दिसला तर पुढं जावं लागतं म्हणाले. अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली. नशिबानं तसं झालं नाही.

आज १९ वा दिवस. गळ्यातली श्वासाची नळी चार दिवसांपूर्वी काढली, भोकावर पट्टी आहे, बोलताना वर बोट दाबायचं. खरखरीत का होईना पण आवाज येतोय! मात्र अन्नासाठी नाकातून घातलेली नळी अजून तशीच. चमचाभर पातळ पेज दिली तरी ठसका, डोळ्यातून पाणी, चेहरा लाल. काल त्यांनी पाटीवर लिहिलं, "पेवात पाणी शिरलं की हळद गेली". हरिपूरची माणसं समजतील. जमिनीखालची पेवं, आत हवा नाही की पाणी नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि २००५ च्या पुरात पाणी शिरलं तेव्हा काय झालं ते आमच्या घरानं डोळ्यानं बघितलंय.

हे असंच राहणार का? कुणाच्या घरात झालंय का असं? ऑपरेशन फसलं तर नाही ना?

मिरजेची_सून · १७ ऑगस्ट, रात्री ११:४२

दादा, अनुभव नाही, पण वाचून गलबलून आलं. आईंना सांभाळा, त्यांचं कुणी बघत नाही अशा वेळी. जाणकार लिहितीलच.

डॉ_कृष्णाकाठ · १८ ऑगस्ट, सकाळी ६:५५

हरिपूरकर, मी कान-नाक-घसा विभागात काम करतो, कराडजवळ. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही त्यामुळं शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचा. पण १९ व्या दिवशी ठसका लागणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं अजिबात नाही, हे आधी सांगतो. आता का लागतो ते नीट समजून घ्या, म्हणजे भीती कमी होईल.

आपण स्वरयंत्र म्हणतो म्हणून वाटतं ते आवाजासाठी आहे. त्याचं पहिलं काम मात्र राखणदाराचं. घशात पुढं श्वासनलिका, मागं अन्ननलिका, आणि घास-पाणी श्वासाच्या वाटेत पडू नये म्हणून तोंडाशी बसवलेली झडप म्हणजे स्वरयंत्र. तुमच्या अण्णांनी पेवाचं लिहिलं ते शास्त्राला धरूनच आहे.

ही झडप तीन ठिकाणी बंद होते. सगळ्यात वर एपिग्लॉटिस, पानासारखं झाकण, जिभेच्या मुळाशी (बरेच जण त्याला पडजीभ समजतात, पडजीभ वेगळी, ती टाळूला लोंबते). त्याखाली खोट्या स्वरपट्ट्या. त्याखाली खऱ्या, म्हणजे व्होकल कॉर्ड. गिळताना हे सगळं मिटतं आणि आख्खं स्वरयंत्र वर, पुढं जिभेखाली सरकतं. घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळा, बोटाला कळेल.

आता सांगाडा. पुढं ढालीसारखी थायरॉइड कुर्चा (कुर्चा म्हणजे लवचिक, मऊ हाड), तीच बाहेरून दिसणारी घाटी. तिच्याखाली क्रिकॉइड, अंगठीसारखी, मागं रुंद, पुढं अरुंद. श्वासाच्या सगळ्या वाटेत पूर्ण गोल कडं हे एकच आहे, खाली श्वासनलिकेच्या कड्या मागून उघड्या असतात. म्हणून क्रिकॉइड गेली तर वाट उघडी राहत नाही. आणि क्रिकॉइडच्या मागच्या काठावर दोन छोट्या अ‍ॅरिटिनॉइड कुर्चा, त्यांनाच स्वरपट्ट्यांची मागची टोकं बांधलेली. त्या वळतात, सरकतात, म्हणून पट्ट्या उघडतात-मिटतात.

अण्णांचं ऑपरेशन तुमच्या वर्णनावरून सुप्राक्रिकॉइड प्रकारचं वाटतंय. त्यात थायरॉइड कुर्चा, दोन्ही खऱ्या पट्ट्या, दोन्ही खोट्या पट्ट्या आणि त्यांच्या बाजूची चरबीची जागा सगळं एकत्र काढतात. ठेवायचं काय, तर क्रिकॉइड, वरचं जिभेच्या मुळाशी असलेलं हायॉइड हाड आणि किमान एक अ‍ॅरिटिनॉइड, तिच्या स्नायू आणि नसेसकट. मग क्रिकॉइड वर ओढून जाड टाक्यांनी हायॉइडला बांधतात, शक्य असेल तर एपिग्लॉटिसही ठेवतात. म्हणजे तीन दारांपैकी दोन गेली, घाटीसुद्धा गेली. उरलेल्या अ‍ॅरिटिनॉइडनं आता पुढं झुकून एपिग्लॉटिसला टेकायचं आणि वाट मिटवायची. हे काम तिनं याआधी कधी एकटीनं केलेलं नाही, शिकायला वेळ लागतो. एक ठेवलीय की दोन्ही, ते डिस्चार्ज कार्डवर बघा, दोन्ही असतील तर लवकर जमतं.

बाकी चार महिने उशीर झाला तरी टी-टूवर सापडलं यालाही शरीररचनेचं कारण आहे. खऱ्या पट्ट्यांना लसिकावाहिन्या (ज्या बारीक नळ्यांतून आजार मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचतो त्या) फार कमी, म्हणून तिथला आजार मानेच्या गाठींत उशिरा जातो आणि आवाज मात्र लवकर बसतो. वरच्या भागात, म्हणजे एपिग्लॉटिस किंवा खोट्या पट्ट्यांवर, उलटं असतं. आवाज बरेच दिवस ठीक आणि गाठी दोन्ही बाजूंना लवकर.

ताप, धाप किंवा पिवळा-हिरवा कफ आला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

खडीसाखर · १८ ऑगस्ट, सकाळी ९:२०

ज्येष्ठमधाचा काढा आणि हळद-मध चाटण चालू करा, आमच्या काकांचा बसलेला आवाज आठ दिवसात सुटला. पाण्याचा एक एक घोट सारखा देत राहा, सवय होईल.

हरिपूरकर (धागाकर्ता) · १८ ऑगस्ट, दुपारी १:०५

खडीसाखर, तुम्ही मायेनं लिहिलंय हे कळतंय पण कृपा करून पाण्याचा सल्ला कुणी पाळू नका. पाणी सगळ्यात अवघड आहे, ते थेट छातीत जातंय. आणि काढ्यांमध्येच आमचे चार महिने गेले, हळदीच्या घरात हळदीला काय तोटा होता का. ज्याचा आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला आहे त्यानं आधी दुर्बीण करावी.

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. कार्ड बघितलं, उजवी अ‍ॅरिटिनॉइड काढलीय, डावी आहे. आई म्हणाली, मग एकटीच राबायलीय म्हणायची बिचारी.

वाचाताई · १८ ऑगस्ट, रात्री ८:३०

मी वाचा आणि गिळण्याच्या व्यायामाचं काम करते, घशाच्या ऑपरेशनचे पेशंट नेहमी असतात. हरिपूरकर, अण्णांना कुणी गिळायची पद्धत बसून शिकवलीय का? नुसतं "हळूहळू खा" म्हणून सोडलेलं असतं बऱ्याचदा, आणि घरच्यांनी दया येऊन पातळ दिलेलं असतं. पातळ पेज बंद करा. पातळ वस्तू पळते, झडप मिटायच्या आत ती खाली गेलेली असते. घट्ट दही, कुस्करलेलं केळं, मऊ शिरा असं एकसंध, चमच्यावरून न सांडणारं द्यायचं. कण सुटे होणारा भात-आमटी आत्ता नको, पोहे तर नकोतच.

पद्धत अशी. ताठ बसवायचं, पलंगावर रेलून नाही. अर्धा चमचा तोंडात. श्वास घ्या, रोखा, आणि रोखूनच ठेवा. हनुवटी छातीकडं. गिळा. श्वास न घेता लगेच खाकरा. परत गिळा. मग श्वास. क्रम चुकला तर ठसका लागणारच, कारण गिळल्यावर वरती थोडं राहिलेलं असतं आणि श्वास घेतला की ते आत ओढलं जातं. म्हणून खाकरणं मधे. आधी कोरड्या आवंढ्यावर घटवून घ्या, दिवसातून पाच-सहा वेळा, मग चमचा. तुमच्या सर्जनना विचारून आणि शक्यतो दुर्बिणीतून गिळणं बघून मगच खरं अन्न सुरू करा.

सारखा ठसका लागतोय म्हणजे आतली जाणीव जागी आहे. मला भीती वाटते ती घास आत जाऊनही ज्यांना ठसका लागत नाही त्यांची. आणि दात-जीभ दिवसातून तीनदा स्वच्छ, कारण लाळ आत गेली तरी घाणेरडी लाळ जास्त नुकसान करते.

वाईकर_७१ · १९ ऑगस्ट, सकाळी ७:४०

माझ्या आईचं संपूर्ण काढलं, सहा वर्षं झाली. आयुष्यभर मिश्री. आमच्या भागात बायका सकाळी चुलीपुढं मिश्री लावत बसायच्या, त्याला कुणी व्यसन म्हणतच नव्हतं. तिचा आजार क्रिकॉइडपर्यंत गेलेला म्हणून अर्धवट ऑपरेशन होणार नाही असं सांगितलं.

फरक सांगतो, कारण दोन्ही ऑपरेशनांची लोक गल्लत करतात. आईच्या गळ्याला कायमचं भोक आहे, श्वास तिथूनच. नाकातोंडाचा आणि श्वासाचा संबंध पूर्ण तुटलेला, त्यामुळं पाणी तिसऱ्याच आठवड्यात घटाघटा प्यायली, ठसक्याचा प्रश्नच नाही. पण स्वतःचा आवाज गेला. मागाहून श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधे छोटा व्हॉल्व्ह बसवला, भोकावर बोट ठेवून बोलते, नातवाला हाक मारते. वास मात्र येत नाही, फोडणी करपलेली कळत नाही याचं तिला फार वाटतं.

तुमच्या अण्णांना भोक बुजणार आहे, नाकानं श्वास घेणार आहेत, वास येणार आहे. त्याच्यासाठी हा गिळण्याचा महिना सोसायचा आहे, असं त्यांना सांगा.

खर्चाचं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा काउंटर असतो हॉस्पिटलात, आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. दुसरं मत घ्यायला आम्ही परळला टाटाला गेलो होतो, तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा फार आधार झाला.

हरिपूरकर (धागाकर्ता) · २ सप्टेंबर, रात्री ९:१५

उशीर झाला. मधे कृष्णेचं पाणी वाढलं, रस्ता बंद होईल म्हणून चार दिवस अण्णांना घेऊन मिरजेत पाहुण्यांकडं राहिलो.

वाचाताई, तुम्ही लिहिलेलं सगळं मी मोठ्या अक्षरात कागदावर काढून पलंगासमोर चिकटवलं. श्वास. रोखा. हनुवटी. गिळा. खाकरा. गिळा. सर्जनना दाखवलं, त्यांनी तिथल्याच मॅडमकडं पाठवलं, त्यांनी दुर्बिणीतून गिळणं बघितलं. दह्यात हिरवा रंग घालून दिलं. स्क्रीनवर दिसलं, ती डावी अ‍ॅरिटिनॉइड येते पुढं, टेकते, पण थोडी उशिरा. मॅडम म्हणाल्या, दार मिटतंय, वेळ साधायची आहे.

बारा दिवस नुसते कोरडे आवंढे. अण्णा सौद्याच्या शिस्तीचा माणूस, ठरलेल्या वेळेला उठून बसायचे. परवा सकाळी आईनं घरचं दही फडक्यात टांगून घट्ट केलं, जवळजवळ चक्काच. अर्धा चमचा. श्वास घेतला, रोखला, हनुवटी खाली, गिळलं, खाकरले, परत गिळलं. आम्ही सगळे ठसक्याची वाट बघत गप्प. काही नाही. अण्णांनी चमचा परत पुढं केला. त्या दिवशी सहा चमचे गेले, सातव्याला ठसका. आईनं वाटी धुवायला म्हणून नेली ती बराच वेळ स्वयंपाकघरातून आलीच नाही.

तानपुरा_मिरज · ३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

वाचून बरं वाटलं. माझा प्रश्न आवाजाचा. दोन्ही स्वरपट्ट्या काढल्या तर आवाज येतो कुठून? आमच्या घरी सतारी-तानपुऱ्यांचं काम, तार नाही तर नाद नाही हे लहानपणापासून ऐकलेलं. भाऊ भजन गातो, त्याच्या एका पट्टीवर पांढरा डाग निघालाय, तो काळजीत आहे.

डॉ_कृष्णाकाठ · ३ सप्टेंबर, रात्री १०:३०

तार गेली तरी हवा आहे आणि थरथरणारं ओलं अस्तर आहे. अ‍ॅरिटिनॉइड पुढं येऊन एपिग्लॉटिसला टेकते, त्या फटीतून छातीची हवा जाते आणि तिथलं मऊ आवरण थरथरतं. आवाज खालच्या पट्टीतला, घोगरा, हवा मिसळलेला येतो. बोलणं कळतं, फोनवरसुद्धा. गाणं नाही.

तुमच्या भावाची गोष्ट वेगळी. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर असं नाही, पण तुकडा तपासल्याशिवाय सोडायचा नाही. अगदी सुरुवातीचं असेल तर तोंडातून नळी घालून लेझरनं पट्टीचा तेवढाच थर काढता येतो, गळ्याला बाहेरून चीर नाही, भोक नाही. जितका वरचा थर तितका आवाज चांगला राहतो. एका पट्टीवरच्या छोट्या कॅन्सरला रेडिएशननंही फार चांगला गुण येतो, त्यामुळं गाणाऱ्या माणसानं दोन्हीकडचं ऐकून ठरवावं.

तुम्ही संगीताच्या घरातले म्हणून सांगतो. जिवंत माणसाच्या स्वरपट्ट्या हलताना आरशात नीट बघितल्या त्या मॅन्युएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या गुरूनं, १८५४ साली, स्वतःच्याच घशात, दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि सूर्याचा उजेड वापरून. कॅन्सरसाठी संपूर्ण स्वरयंत्र काढायचं पहिलं ऑपरेशन बिलरोथ या सर्जननं व्हिएन्नात केलं ते त्यानंतर, १८७३ च्या ३१ डिसेंबरला. आणि अण्णांचं झालं तसं, क्रिकॉइड वर बांधून घ्यायचं ऑपरेशन ऑस्ट्रियाच्या मायर आणि रीडर यांनी १९५९ मध्ये मांडलं. आधी जीव वाचवायला सगळं काढत होते, मग किती ठेवता येईल याचा शोध लागत गेला. मला स्वतःला या शास्त्रात तेच सगळ्यात मोठं वाटतं.

हरिपूरकर (धागाकर्ता) · ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

नाकातली नळी निघाली, ४३ व्या दिवशी. त्याला आता महिना होत आला. वजन आठ किलो उतरलं होतं, तीन भरून आलंय. शिरा, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी चालतंय. पाणी अजून चमच्यानंच, हनुवटी खाली घेऊन, आणि जेवताना कुणी बोलायचं नाही असा घरात नियम आहे. घाईत राहिले की ठसका आहेच. भोक आपोआप बुजलं, जागेवर छोटा खड्डा राहिलाय. घाटी होती तिथं सपाट लागतं, दाढी करताना त्यांचा हात तिथं थांबतो.

आवाज डॉक्टरांनी सांगितला तसाच. यार्डात गेले होते परवा. पुकारायचं काम आता होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण एका शेतकऱ्याचा ढीग बघून अण्णांनी कांडी मोडली, वास घेतला आणि त्या घोगऱ्या आवाजात शेजारच्याला भाव सांगितला. त्याला कळला, परत विचारावा लागला नाही. बिडी मार्चपासून नव्हे, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापासून बंद आहे, हे खरं ते लिहितो. यार्डातल्या दोघांनी सोडायची म्हटलंय, त्यांना सरकारचा फुकट नंबर दिला, १८००-११-२३५६.

सज्जनगड_पायथा · ११ ऑक्टोबर, रात्री ९:४८

दादा, मी साताऱ्याची. सगळा धागा आज एका दमात वाचला. आमचे हे वडाप (शेअर जीप) चालवतात, गणपतीपासून आवाज बसलाय, दिवसभर ओरडून बसलाय म्हणतात, दुखत काहीच नाही. गुटखा आहे, सिगरेट आहे. दुर्बिणीला फार त्रास होतो का? ते भितात.

हरिपूरकर (धागाकर्ता) · ११ ऑक्टोबर, रात्री १०:०२

ताई, नाकात सुन्न करायचा स्प्रे मारतात, कडू लागतो, डोळ्यात पाणी येतं, बास. भूल नाही, अ‍ॅडमिट नाही, लगेच घरी. कुठल्याही कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं होते, सिव्हिलमध्येही विचारा. उद्या रविवार आहे, सोमवारी सकाळी घेऊन जा. ते तयार नसतील तर रात्री मला मेसेज करा, अण्णा फोनवर बोलतो म्हणालेत.

सज्जनगड_पायथा · १२ ऑक्टोबर, दुपारी ४:३६

बोलले दादा. अण्णांचा आवाज ऐकून हे गप्पच झाले. उद्या पहिली खेप करणार नाहीत, नऊचा नंबर लावलाय. झालं की इथंच लिहिते.